बाबोकीव्हरीचे शिखर : अनुभवी जोडीदारासोबत पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या दक्षिण टोकाला, टुसॉन शहरापासून गाडीने दीड-दोन तासांवर, सोनोरन वाळवंटातून बाबोकीव्हरी नावाचा ग्रॅनाइटचा एक प्रचंड सुळका उभा आहे. त्याची उंची सुमारे ७,७३० फूट, म्हणजे जवळजवळ २,३५६ मीटर भरते. आपल्या कळसूबाईपेक्षा तो सातशे मीटरांनी उंच आहे. पण त्याचे वेगळेपण उंचीत नाही. माथ्यावर जाणाऱ्या सर्वांत सोप्या वाटेनेही येथे काही ठिकाणी हातापायांनी कातळ चढावा लागतो आणि दोर लावावा लागतो. फिनिक्स, चँडलर किंवा टुसॉन येथे नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या, सह्याद्रीत भरपूर पायपीट केलेल्या पण दोराशी फारशी ओळख नसलेल्या मराठी मंडळींना हा डोंगर खुणावतो आणि त्यातले बहुतेक जण एखाद्या जाणत्या गिर्यारोहकाच्या जोडीने तेथे जातात. हा लेख अशा जोडीतल्या नवख्यासाठी आहे.

जोडीदार अनुभवी आहे म्हणजे आपण निर्धास्त, असा हिशेब नवखा माणूस नकळत करतो. माझ्या मते बाबोकीव्हरीवरचा सर्वांत मोठा धोका तोच आहे. दोराच्या वरच्या टोकाला असलेल्या माणसाला तुमच्या बाटलीत किती पाणी उरले आहे ते दिसत नाही, तुमचे डोके दुखू लागले आहे हे कळत नाही आणि तो चढत असताना त्याचा जीव तुमच्या हातातल्या बिलेवर, म्हणजे तो पडल्यास थांबवण्यासाठी तुम्ही सांभाळलेल्या दोरावर, असतो. दुसऱ्या क्रमांकावर चढणे हे स्वतंत्र काम आहे आणि ते घरूनच शिकून जावे लागते.

डोंगर कोणाचा आहे

तयारीची सुरुवात मी येथून करते. हा डोंगर टोहोनो ओओधाम या आदिवासी लोकांचे सर्वांत पवित्र स्थान आहे. त्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘वाव किवुलिक’, म्हणजे कमरेशी आवळलेला खडक. त्यांचा आदिपुरुष आणि निर्माता ईइतोई या डोंगराखालच्या गुहेत राहतो, अशी त्यांची श्रद्धा आहे आणि लोक आजही तेथे वस्तू अर्पण करतात. आपल्याकडे डोंगरावरच्या देवीच्या ठाण्याशी आपण जसे वागू, तसेच येथे वागावे: अर्पण केलेल्या वस्तूंना हात लावू नये, त्यांचे छायाचित्र काढू नये, आरडाओरडा करू नये आणि माथ्यावर स्वतःचे नाव कोरण्याचा विचारही मनात आणू नये.

पश्चिमेची बाजू टोहोनो ओओधाम राष्ट्राच्या हद्दीत येते. तिकडून जायचे असेल तर त्यांची परवानगी घ्यावी लागते आणि ती आधी घ्यावी. तेथे पोहोचून विचारणा करणे बरोबर नाही. पूर्वेची बाजू, जेथून बहुतेक गिर्यारोहक चढतात, १९९० साली संरक्षित वन्यक्षेत्र म्हणून घोषित झाली. हे क्षेत्र केवळ २,०६५ एकरांचे आहे. थॉमस कॅन्यन या घळीतून जाणारी पूर्वेची वाट सुरुवातीला खासगी कुरणातून जाते. म्हणून फाटके जशी असतील तशीच ठेवावीत, म्हणजे बंद असेल ते आपण गेल्यावर पुन्हा बंद करावे आणि उघडे असेल ते उघडेच राहू द्यावे. वाट सोडून कुरणात शिरू नये. या दोन गोष्टी पाळल्या गेल्या नाहीत तर पुढच्या लोकांची वाट बंद होण्याची भीती असते.

ज्या वाटेने आपण जाणार आहोत तिला फोर्ब्ज यांचे नाव आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट फोर्ब्ज आणि त्यांचे सहकारी हेसूस मोंतोया यांनी आधीचे प्रयत्न फसल्यानंतर १२ जुलै १८९८ रोजी ही चढाई पूर्ण केली. लिखित इतिहासात नोंद असलेली ती पहिली. १९३०च्या दशकात माथ्यावर वणव्यांवर लक्ष ठेवण्यासाठी एक चौकी उभारण्यात आली आणि तेथे पोहोचण्यासाठी अवघड कातळांवर जिने बसवण्यात आले. चौकी आणि जिने आता नाहीत, पण खडकात रुतलेले लोखंड मात्र उरले आहे. त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

जोडीदाराशी आधी काय बोलावे

जोडीदार किती वर्षे चढतो आहे, हे विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. तो बाबोकीव्हरीवर किंवा वाळवंटातल्या दुसऱ्या डोंगरावर पूर्वी गेला आहे का? तो नवख्यांना घेऊन चढला आहे का? आणि माथा न गाठता तो शेवटचा कधी परतला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना जो माणूस अडखळत नाही, त्याच्यासोबत मी डोळे मिटून जाईन. हिमालयात उत्तम चढणारा गिर्यारोहकही वाळवंटात नवखा असू शकतो, कारण थंडीचा अंदाज बांधण्याची सवय उन्हाच्या अंदाजाला उपयोगी पडत नाही.

मी ज्यांच्याबरोबर गेले ते पुण्याहून आलेले, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितले, “अगं, तू मला प्रश्न विचारले नाहीस तर मला वाटेल तुला सगळं कळलंय. आणि मग मी त्या वेगानं चालेन.” नवख्याला संकोच वाटतो. मोठ्या माणसाला किती विचारायचे, त्यांची गती आपल्यामुळे कमी होते आहे, ते कंटाळतील, असे वाटत राहते. म्हणून हा संकोच घरी बसल्या-बसल्याच मोडून काढावा आणि दोघांमध्ये काही गोष्टी स्पष्ट ठरवाव्यात: परत फिरण्याची वेळ कोणती, दोघांपैकी कोणीही ‘नको’ म्हटले तर कारण न विचारता परतायचे का (परतायचे, हेच उत्तर असले पाहिजे), आणि जोडीदारच जखमी झाला तर नवख्याने काय करायचे. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जोड्या टाळतात. गाडीची दुसरी किल्ली तुमच्याकडे हवी, परतीचा नकाशा तुमच्याही फोनमध्ये उतरवून घेतलेला हवा आणि बिलेवर अडकलेला दोर बांधून ठेवून स्वतःचे हात मोकळे कसे करायचे हे तुम्हाला आले पाहिजे.

दोन महिने आधीपासून

पायांची तयारी सोपी आहे. आठवड्यातून दोनदा चढ-उतार असलेल्या वाटेवर पाच-सहा किलोचे ओझे घेऊन चालावे आणि हळूहळू ते वाढवत न्यावे. फिनिक्समध्ये राहणाऱ्यांना कॅमलबॅक डोंगर सोयीचा आहे. फक्त अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी तेथल्या वाटा दिवसाच्या मोठ्या भागासाठी बंद ठेवल्या जातात, हे ध्यानात असू द्यावे. तुम्ही ज्या डोंगरावर जाणार आहात त्याच्यासाठीही तो नियम स्वतःला लावून घ्यावा.

दोराची तयारी अधिक महत्त्वाची. टुसॉनजवळच्या माउंट लेमनच्या रस्त्यावर विंडी पॉइंट नावाची जागा आहे, तर फिनिक्सकडच्यांना मॅक्डॉवेल डोंगरांतला टॉम्स थंब हा सुळका जवळ पडतो. अशा ठिकाणी जोडीदाराबरोबर निदान तीन-चार दिवस चढावे आणि तेथे पुढील गोष्टी हातात बसवाव्यात: फिगर ऑफ एटची (इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, दोर स्वतःला बांधण्याची) गाठ न बघता मारणे आणि मग बघून तपासणे, बिले देणे, वर चढताना पहिल्याने लावलेले चॉक आणि कॅम (खडकाच्या फटीत बसवायचे धातूचे आधार) काढून हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, नीट अडकवणे, अँकरला (दोर खडकाला पक्का बांधतात त्या जागी) पोहोचताच स्वतःला सुरक्षित करणे, आणि प्रुसिकच्या (दोरावर आवळून बसणाऱ्या) गाठीचा आधार ठेवून रॅपलिंग करणे, म्हणजे दोराच्या आधाराने खाली उतरणे. बाबोकीव्हरीचा सर्वांत कठीण टप्पा अमेरिकन श्रेणीत साधारण ५.४ ते ५.६ मानतात. नियमित प्रस्तरारोहण करणाऱ्याला हे सोपे वाटते, आणि पायाखाली शेकडो फुटांची पोकळी नसेल तेव्हा नवख्यालाही जमते. सराव पायांखालच्या त्या पोकळीसाठी करायचा असतो. गाठ मारताना हात थरथरत असतील तरी ती बरोबर बसली पाहिजे.

दोघांची हाक एकच ठरवावी. सह्याद्रीत चढणारी मंडळी ‘रोप टाइट’, ‘रोप ढिला’ असे ओरडतात, येथले लोक इंग्रजीत वेगळे शब्द वापरतात आणि दोन्हींची सरमिसळ झाली की घोटाळा होतो. आम्ही मराठीच वापरले. खाली दगड सुटला तर मात्र ‘रॉक’ असेच ओरडावे, कारण खाली दुसरी कोणती मंडळी असतील ते आपल्याला ठाऊक नसते.

केव्हा जावे

ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत आणि मार्च-एप्रिल हे महिने चांगले. उन्हाळ्यात टुसॉनच्या आसपास तापमान दिवसेंदिवस ३८ अंश सेल्सियसच्या वर असते आणि तेव्हा पायथ्यापर्यंतची चालही जिवावर बेतू शकते. येथे मान्सून हाच शब्द वापरतात. हवामान खाते १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा काळ मानते. दुपारनंतर अचानक ढग दाटतात, विजा पडतात आणि कोरड्या घळींतून लोंढे वाहतात. एकट्या उभ्या सुळक्यावर विजेच्या वेळी असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. फोर्ब्ज आणि मोंतोया जुलैत चढले, म्हणून आपणही जुलैत चढावे असे नाही. हिवाळ्यात सावलीच्या घळींत बर्फ आणि गोठलेले पाणी राहते; पहिल्या चढाईसाठी तो काळही टाळावा.

चांगल्या महिन्यांपैकी ऑक्टोबर-नोव्हेंबरची एक अडचण असते ती म्हणजे दिवस लहान असतो. नोव्हेंबरच्या मध्यात येथे सूर्य सकाळी सुमारे ६.५० वाजता उगवतो आणि संध्याकाळी सुमारे ५.२० ला मावळतो. म्हणजे जेमतेम साडेदहा तास प्रकाश, आणि नवख्या जोडीला जाऊन-येऊन दहा-बारा तास सहज लागतात. म्हणून अंधारातच निघावे आणि प्रत्येकाजवळ स्वतंत्र हेडटॉर्च व जादा बॅटऱ्या असाव्यात. एकाच टॉर्चवर दोघांनी उतरणे काट्यांच्या वाटेवर अशक्यप्राय आहे.

पाणी

याविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमचा पहिला प्रयत्न पाण्यामुळेच फसला. सह्याद्रीत किल्ल्यावर टाके असते, पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी ओसरीवर हंडा असतो आणि दोन बाटल्या घेऊन निघालेला माणूसही घरी परत येतो. बाबोकीव्हरीवर वाटेत भरवशाचे पाणी कोठेही नाही. थंड दिवशीही माणशी पाच लिटर घ्यावे आणि दिवस उबदार असेल तर सहा. ते जड वाटते आणि म्हणूनच नवखा माणूस शेवटच्या क्षणी एक बाटली गाडीत ठेवतो. तसे करू नये. पाण्याची पिशवी आणि नळी सोयीची असली तरी काट्याने ती फाटू शकते; निम्मे पाणी तरी कडक बाटल्यांत असावे. वर खिंडीत पोहोचल्यावर दीड-दोन लिटरची एक बाटली परतीसाठी एखाद्या ओळखीच्या झाडाखाली ठेवून द्यावी आणि त्या जागेचा फोटो घ्यावा. तेवढे ओझे कातळावर कमी होते. ती बाटली, प्यायली असो वा नसो, खाली न्यायचीच.

पहिल्या वेळी मी खिंडीत पोहोचेपर्यंत तीन लिटर संपवले होते. कोरड्या हवेत घाम येताच वाळतो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे शरीरातून किती पाणी चालले आहे ते कळत नाही. मी तहान लागेल तशी पीत राहिले आणि दादांना काही बोलले नाही. त्यांनी विचारले तेव्हा मी “आहे पुरेसं” असे म्हटले. पुढच्या तासाभरात डोके ठणकू लागले आणि ज्या कातळाखाली दोर सोडायचा होता तेथे मी खरा आकडा सांगितला. दादांनी एक शब्दही न बोलता दोर परत पिशवीत भरला. तेव्हापासून आम्ही दर तासाला, घड्याळ बघून, एकमेकांना उरलेल्या लिटरचा आकडा सांगतो. ‘पुरेसे’ हा शब्द वापरायचा नाही, आकडाच सांगायचा. नवख्यांनी हा नियम जोडीदाराने न सुचवताही सुरू करावा.

नुसते पाणी पिऊनही चालत नाही. घामातून मीठ जाते आणि फक्त पाणीच भरपूर प्यायल्यास रक्तातले सोडियम घटून मळमळ, गोंधळ आणि पुढे झटकेही येऊ शकतात. मीठ-साखरेची पुडी घ्यावीच, शिवाय खारट खाणे असावे. आमच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, खारे शेंगदाणे आणि चिक्की असते. या उन्हात ते सगळे टिकते आणि घशाखाली उतरते. जोडीदार असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा त्याचे अंग भाजल्यासारखे तापले तर तो उष्माघात समजावा: सावलीत न्यावे, कपडे पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा. अशा वेळी पिण्याचे पाणी अंगावर ओतायला कचरू नये. घळीत फोनला रेंज मिळेल असे धरून चालू नये. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण भाड्यानेही मिळते आणि या डोंगरावर ते मी अनावश्यक मानत नाही.

पिशवीतले बाकीचे

हेल्मेट, हार्नेस, बिलेचे उपकरण, दोन-तीन लॉक होणारे कॅराबिनर (उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कड्या), स्लिंग (शिवलेल्या मजबूत पट्ट्या), प्रुसिकसाठी बारीक दोरी आणि मोज्यांशिवाय नीट बसणारे, कातळ पकडणारे बूट. साठ मीटरचा एक दोर बहुतेक जोड्या वापरतात. नेमके साहित्य जोडीदाराने ठरवावे. जाड कापडाची लांब पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, उन्हासाठी आणि काट्यांसाठीही. आणि एक साधा केसांचा कंगवा जरूर घ्यावा. चोया नावाचे निवडुंग येथे असते. त्याचा नुसता स्पर्श झाला तरी काटेरी गोळा तुटून मांसाला चिकटतो आणि हाताने काढायला गेले की तो हातालाही चिकटतो. कंगव्याचे दाते गोळ्याखाली सरकवून तो एका झटक्यात दूर उडवावा, मग राहिलेले काटे चिमट्याने काढावेत.

मेक्सिकोची सीमा जवळ आहे आणि रस्त्यावर सीमा सुरक्षा दलाकडून तपासणी होऊ शकते. जे अमेरिकेचे नागरिक नाहीत त्यांनी आपली स्थलांतराची कागदपत्रे जवळ ठेवावीत. अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने ती बाळगणे कायद्यानेच आवश्यक आहे. याच वाळवंटातून माणसे पायी येतात आणि तहानेने मरतातही. वाटेत कोणी तशा अवस्थेत दिसले तर ९११ वर कळवावे.

प्रत्यक्ष दिवस

टुसॉनहून ८६ क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला थ्री पॉइंट्सपर्यंत आणि तेथून २८६ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला जावे; शेवटी कच्चा रस्ता लागतो, त्यासाठी उंच गाडी हवी. आदल्या रात्री जवळ मुक्काम केला तर पहाटे वेळ वाचतो. निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाला वाट, परतण्याची वेळ आणि त्या वेळेनंतर किती तासांनी मदत मागवायची, हे लिहून पाठवावे.

घळीतली चाल सुरुवातीला सरळ आहे. टॉर्चच्या प्रकाशात पाय टाकण्यापूर्वी जमीन बघावी. थंड महिन्यांतही उबदार दिवशी रॅटलस्नेक बाहेर असतो. खडकाच्या पलीकडे न बघता हात टाकू नये, आणि ही सवय वर कातळावरही सोडू नये. साप चावलाच तर अंगठी-घड्याळ काढावे, जखम कापू नये, आवळून बांधू नये, बर्फ लावू नये. शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. हळूहळू सागुआरो निवडुंगे मागे पडतात, ओक आणि ज्युनिपरची झाडे सुरू होतात आणि मग खिंड येते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ३,००० फुटांहून अधिक चढ आहे आणि त्यातला बराचसा खिंडीपर्यंत संपतो. येथे बसावे, खावे, पाण्याचा आकडा सांगावा आणि जोडीदाराने न विचारताच आपली खरी अवस्था सांगावी.

खिंडीच्या पुढे वाट दाट झुडपांतून सुळक्याच्या बुंध्याशी जाते. येथल्या एका बाभूळवर्गीय झुडपाचे काटे मांजराच्या नखांसारखे वळलेले असतात आणि चिलारीसारखे ते कपडा धरून ठेवतात. ओढून सुटायला बघू नये, एक पाऊल मागे येऊन सोडवावे. गुडघ्याएवढी, टोकदार पानांची घायपातही आहे. तिच्यावर पडल्यास खोल जखम होते. येथे वाट चुकणे सोपे आहे. पुढे जोडीदार असला तरी प्रत्येक वळणावर मागे वळून बघावे आणि परतीच्या खुणा आपण स्वतः लक्षात ठेवाव्यात, कारण उतरताना थकलेला जोडीदार तुम्हालाच विचारणार आहे.

मग कातळ सुरू होतो. पहिले टप्पे असे आहेत की जोडीदार म्हणेल, “इथे दोर नको.” तुम्हाला हवा असेल तर मागावा. लाजेने न मागितलेला दोर ही या डोंगरावरची सर्वांत वाईट बचत आहे.

लॅडर पिच नावाचा टप्पा हा या वाटेचा गाभा. जुना जिना येथे होता. सुमारे ऐंशी फुटांचा हा उभा कातळ आहे आणि त्यात जिन्याचे गंजलेले, कापलेले लोखंडी दांडे अजून आहेत. जोडीदार वर जात असताना तुम्ही बाजूला, दगड सुटला तरी डोक्यावर येणार नाही अशा जागी उभे राहून बिले द्यावी, नजर त्याच्यावर ठेवावी आणि फोटो काढण्याचा मोह टाळावा. काही फुटांवर तो कड्याआड जातो आणि तेव्हापासून तुमचे डोळे म्हणजे तुमचे तळहात. दोर सरकतो आहे, म्हणजे तो चढतो आहे. दोर थांबला, तर तो रनर (दोर अडकवण्याचा मधला आधार) लावतो आहे किंवा विचार करतो आहे. मग भराभर बराच दोर वर ओढला जातो, म्हणजे तो उरलेला दोर गोळा करतो आहे. पण एवढ्यावरून बिले सोडायची नसते. माझ्या वेळी वाऱ्यात दादांचा आवाज एका अस्पष्ट हाकेएवढाच आला. ती ‘सुरक्षित’ ची हाक होती की ‘थांब’ ची, ते कळेना. आम्ही आधीच ठरवले होते की आवाज पोहोचला नाही तर दोराला तीन लांब हिसके म्हणजे बिले काढ. मी ते तीन हिसके येईपर्यंत तशीच उभी राहिले आणि संपूर्ण दोर ताणला जाऊन माझ्या हार्नेसला ओढ लागली तेव्हाच पहिले पाऊल टाकले.

चढताना त्या जुन्या लोखंडावर पूर्ण भार टाकू नये. सकाळच्या सावलीत ते दांडे हाताला बर्फासारखे लागतात, गंजाची तांबूस पूड बोटांना राहते आणि धरायला ते इतके सोयीचे असतात की शेजारच्या खडकातली चांगली पकड दिसतच नाही. पाय खडकावर नीट बसवावेत आणि वजन पायांवर ठेवावे. चॉक निघत नसेल तर तो ज्या दिशेने बसवला असेल त्याच्या उलट दिशेने हलवून बघावा, चार प्रयत्नांत निघाला नाही तर जोडीदाराला सांगून तेथेच सोडावा. खडकाच्या फटीत मधमाश्यांची सतत ये-जा दिसली तर तेव्हाच थांबून सांगावे. येथल्या माश्या आक्रमक असतात आणि दोराला बांधलेल्या माणसाला पळता येत नाही.

ठरलेली परतीची वेळ झाली तेव्हा माथा समोर दिसत असेल तर काय करायचे? परतायचे. आमची वेळ साडेबाराची होती. दुसऱ्या प्रयत्नात आम्ही त्याआधी पंचवीस मिनिटे माथ्यावर पोहोचलो. उत्तरेला किट पीक वेधशाळेचे पांढरे घुमट दिसतात. ती जमीनही टोहोनो ओओधाम लोकांनी भाडेपट्ट्याने दिलेली आहे आणि तेथल्या खगोलशास्त्रज्ञांना ते ‘लांब डोळ्यांची माणसे’ म्हणत. दक्षिणेला मेक्सिको पसरलेला असतो. बसावे, खावे, पण पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये.

उतरताना

थकलेले शरीर, मोकळे झालेले मन आणि रॅपलिंग हे एकत्र येते, म्हणून येथे सावकाश आणि मोठ्याने बोलत काम करावे. अँकरमधल्या जुन्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या स्लिंगवर विसंबू नये; जोडीदार नवी स्लिंग लावेल, तुम्ही ती हाताने ओढून तपासावी. दोराची दोन्ही टोके खाली सारखी पोहोचली आहेत ना ते बघावे आणि दोन्ही टोकांना गाठी माराव्यात. उतरण्याआधी एकमेकांचे हार्नेस, कॅराबिनरचे लॉक आणि प्रुसिक बोटाने स्पर्श करून तपासावेत, नुसते बघून नव्हे. दादा मला प्रत्येक वेळी म्हणत, “आता तू मला तपास.” पहिल्यांदा मला ते शिकवण्यासाठी वाटले होते. तिसऱ्या रॅपलवर त्यांच्या कॅराबिनरचे लॉक मला उघडे सापडले. मी सांगितले, त्यांनी ते बंद केले आणि “चल” एवढेच म्हणाले.

दोर खाली ओढण्यापूर्वी टोकांच्या गाठी सोडल्या आहेत ना, हे दोघांनी एकदा बोलून घ्यावे, अन्यथा दोर वर अडकतो. खिंडीतली बाटली उचलावी आणि उरलेली चाल टॉर्च डोक्याला लावूनच सुरू करावी, अंधार पडण्याची वाट न बघता. गाडीपाशी आल्यावर कंगवा आणि चिमटा काढावा, पायांतले काटे काढावेत, दोर हातातून पूर्ण फिरवून कोठे कापला किंवा घासला गेला आहे का ते बघावे. आणि रेंज मिळताच, जेवायला थांबण्याच्याही आधी, ज्याच्याजवळ वाट आणि वेळ लिहून ठेवली होती त्या घरच्या माणसाला फोन करून आपण खाली आलो असल्याचे कळवावे.